शून्य बेडकांचं तळं

डोळे मिटा बरं. मिटलेत? आता माझ्याबरोबर धुक्यातून चाला.

पायांखाली ओला दगडी रस्ता आहे. जरा पुढे लोखंडी फाटक आणि फाटकाशी एक केबिन. केबिनमधला दरवान एका हाताने चहा पितोय नि दुसऱ्या हाताने डास मारतोय. त्याला हसून दाखवा आणि ओळखपत्रही दाखवा, कारण ओळखपत्राशिवाय तो स्वतःच्या मेव्हण्यालाही आत सोडत नाही. पुढे उंच खिडक्यांचं ग्रंथालय, आणि ग्रंथालयाच्या मागे... तळं. धुकं असलं की तळं दिसत नाही. तिथे कोणीतरी हळूहळू श्वास घेतंय, एवढंच जाणवतं.

आता मला सांगा, तळं दिसत नाही म्हणून ते नाहीच, असं तुम्ही म्हणाल का? नाही ना? पण असंच काहीसं एक उंच, हुशार आणि मोज्याला भोक पडलेला माणूस म्हणून बसला होता. त्याचीच ही गोष्ट. त्याची, आणि तिची.

ती ग्रंथालयात शोधटेबलावर बसायची. जगभरातले संशोधक जे जे पाहतात, मोजतात, लिहितात, ते एका मोठ्या कपाटात रचून ठेवलंय असं समजा. फक्त हे कपाट कॉम्प्युटरच्या आत आहे आणि त्याला डेटाबेस म्हणतात. कोणी आलं, शब्द टाइप केला, की स्क्रीनवर उत्तरांची रांग लागायची. आणि त्या रांगेच्या डोक्यावर एक पिवळी पट्टी उमटायची. पट्टीवर काय लिहायचं ते तिचं काम.

औषधांबद्दल कोणी शोधलं तर पट्टी म्हणायची, ‘ज्या औषधाने गुण आला त्यावर लोक लेख लिहितात. ज्याने आला नाही त्यावर गप्प बसतात. वाचताना त्या गप्प बसलेल्यांचीही आठवण ठेवा.’ दुसऱ्या एका पट्टीवर होतं, ‘सर्वांत वर आलेला लेख सर्वांत चांगला असेलच असं नाही. तो सर्वांत जास्त वेळा उघडला गेलाय, इतकंच.’ आणि तिची सर्वांत लाडकी पट्टी ही: ‘हा शोध तीनच भाषांत झाला आहे. उरलेल्या भाषांतही माणसं विचार करतात.’

विद्यार्थी तिला पट्टीताई म्हणायचे. पट्टी मात्र कोणी वाचायचं नाही.

“अगं, आपल्याच दुकानात बसून आपल्याच मालाला नावं कसली ठेवतेस!” ग्रंथालयाच्या मोठ्या बाई कुरकुरायच्या.

“नावं नाही ठेवत, बाई. तराजू कुठे झुकतोय तेवढं दाखवते.”

“दाखव, दाखव. गिऱ्हाईक पळालं की दोघी मिळून माश्या मारू.”

तर त्या धुक्याच्या सकाळी दारात आरडाओरडा झाला.

“बूट बाहेर!” दरवान ओरडत होता. “गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन निघालेत आत! पुसायचं कोणी? तुमच्या बेडकाने?”

आणि मग तो आत आला. केस ओले, कोटावर धुक्याचे बारीक थेंब, हातात काही नाही, पायात नुसते मोजे. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. तिने अंगठ्याकडे पाहिलं. तिने पाहिलं हे त्याने पाहिलं. अंगठा लाजून आत जायला बघत होता, पण जागा नव्हती.

“काय शोधायचंय?” तिने विचारलं.

“बेडूक.”

“आत नाहीत.”

“डेटाबेसमधला हवाय,” तो हसला. हसला की त्याचा एकच गाल हसायचा. “घुंगरू बेडूक. अंगठ्याएवढा असतो. माझ्या नव्हे, तुमच्या. कोणीतरी घुंगरू हलकेच खाली ठेवावं, तसा ओरडतो.”

त्याने टाइप केलं. बेडकाचं नाव, मग मागच्या तळ्याचं नाव. स्क्रीनवर उत्तर आलं, नोंदी शून्य.

“झालं की!” त्याने सुटकेचा श्वास सोडला. “नाहीये.”

“कोण नाहीये?”

“बेडूक. तळ्याच्या सर्वेक्षणाला पाठवलंय मला. हा दुर्मीळ आहे. तळ्यात निघाला असता तर तळं बुजवता आलं नसतं. आता अहवालात शून्य लिहिलं की मी मोकळा. मग बुजवून टाकतील नि गाड्यांसाठी पार्किंग करतील.”

तिने मागच्या खिडकीकडे पाहिलं. काच धुक्याने पांढरी झाली होती. तिच्या लहानपणापासून त्या काचेमागे तळं होतं.

“तुम्ही... पट्टी वाचलीत?”

“कुठली पट्टी?”

“तुमच्या नाकासमोरची. पिवळी.”

“ती होय! मला जाहिरात वाटली.”

तिने पट्टीवर बोट ठेवलं. तो वाचू लागला. ‘इथे जे सापडलं नाही ते जगात नाही, असं समजू नका. आधी विचारा: शोधलं कोणी? कुठे? आणि कधी?’

“जरा खोचक लिहिलंय,” तो म्हणाला. “कोणी लिहिलं?”

“मी.”

“म्हणजे... खोचक म्हणजे... चांगल्या अर्थाने खोचक.”

टेबलाखालून खुदकन हसू आलं. आधी एक वेणी बाहेर आली, मग दुसरी, मग त्या दोन्हींच्या मधलं तोंड. ही तिच्या दादाची मुलगी, भिंगरी. वहिनी कामावरून येईपर्यंत भिंगरी आत्याच्या टेबलाखाली राहायची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिचं नाव भिंगरी.

“आत्या, हे बेडूक शोधतात म्हणजे बेडूकराव ना?”

नाव तिथल्या तिथे चिकटलं. त्याचं खरं नाव मग कोणी विचारलंच नाही.

तिने स्क्रीनवर नकाशा उघडला. आजवर कोणी कुठे कुठले बेडूक पाहिले त्याचे लाल ठिपके. ठिपके कसे होते माहीत आहे? साखरेच्या रेषेवर मुंग्या लागाव्यात, तसे रांगेने.

“ही रेघ कसली?” तिने विचारलं.

बेडूकराव वाकून बघू लागला. “ही... हा हमरस्ता आहे.”

“आणि ही?”

“हाही रस्ताच.”

“बेडूक रस्त्याने राहतात?”

“नाही हो. माणसं रस्त्याने...” तो थांबला.

“माणसं रस्त्याने जातात. सुट्टीच्या दिवशी जातात. ऊन पडलं की जातात. तुमचा बेडूक कधी ओरडतो?”

“भुरभुर पावसात. संध्याकाळी. धुकं असलं तर जास्त.” त्याचा आवाज खाली खाली गेला. “म्हणजे पाहायला कोणी गेलंच नसेल...”

“किंवा गेलं असेल, दिसलं नसेल, नि घरी येऊन झोपलं असेल. ‘शोधलं, पण सापडलं नाही’ अशी नोंद कोणी करतं का? ह्या अख्ख्या कपाटात एक नाही.”

“म्हणजे काय, आत्या?” भिंगरीने विचारलं.

आत्याने तिच्या वेण्या मागे टाकल्या. “आपल्या घरच्या अल्बममध्ये तुझ्या बाबांचे फोटो किती आहेत?”

भिंगरीने आठवून पाहिलं. “एकसुद्धा नाही.”

“का? ते कधी नव्हतेच आपल्याबरोबर?”

“असं काय गं! फोटो बाबाच काढतात ना!”

बेडूकराव त्या चिमुरडीकडे बघतच राहिला. मग त्याने तिच्या आत्याकडे पाहिलं आणि जरा जास्त वेळ पाहिलं.

“अहवाल लिहायला वेळ आहे अजून,” तो हळूच म्हणाला. “महिनाअखेरपर्यंत.”

त्यानंतर तो रोज यायला लागला. बूट फाटकाशी, मोजे आत. भोकाचा मोजा बदलला होता, हे तिने पहिल्याच दिवशी टिपलं आणि आपण ते का टिपलं, ह्याचा विचार मुद्दाम केला नाही.

“तुम्ही हसत नाही का कधी?” एकदा त्याने विचारलं.

“तुम्ही नेहमी जेवणाच्या सुट्टीआधी येता. भुकेल्या माणसाच्या नोंदीवरून निष्कर्ष काढू नका.”

दुसऱ्या दिवशी तो जेवणानंतर आला. ती हसली.

“खरंच की,” तो म्हणाला. “नमुना चुकीचा घेतला होता. पण संध्याकाळची नोंद अजून नाही माझ्याकडे.”

“संध्याकाळी ग्रंथालय बंद असतं.”

“ग्रंथालयाची कोण म्हणतंय...”

ती पुस्तकांच्या पाठीवरची धूळ झटकू लागली. धूळ नव्हतीच. टेबलाखालून आवाज आला, “आत्या, तुझे कान लाल झालेत.”

तळ्याकाठी त्याने आवाज टिपणारं एक यंत्र लावून ठेवलं होतं. तिने विचारलं, कुठे लावलंय? त्याने खिडकीतून दाखवलं. अलीकडच्या काठावर, पायवाटेच्या कडेला.

“तुमचंसुद्धा रस्त्याच्याच बाजूला?”

तो ओशाळला. “पलीकडे लव्हाळी आहेत. चिखल फार. इथे कोरडं होतं...”

“मग बेडकाने कोरड्यात येऊन गायचं होय, तुमचे बूट खराब नकोत म्हणून?”

त्याच दिवशी तो यंत्र पलीकडे न्यायला निघाला. अर्ध्या वाटेत पाय घसरला. तो सावरला. यंत्र मात्र डुबुक आवाज करून तळ्यात गेलं, ते गेलंच. फाटकाशी दरवान पोट धरून हसला.

“बुजवा, बुजवा एकदाचं ते तळं!” तो म्हणाला. “निम्मे डास तिथलेच. मला नवी केबिन देणार आहेत पार्किंग झालं की. जाळीची!”

आता राहिले ते फक्त कान. बेडूकरावाचे दोन, तिचे दोन आणि भिंगरीचे दोन.

रोज संध्याकाळी, वहिनी येईपर्यंत, तिघं लव्हाळ्यांशी जाऊन बसायची. पाण्यावर धुकं उतरायचं आणि पलीकडचे दिवे वितळल्यासारखे व्हायचे. भुरभुर पाऊस सुरू झाला की ती छत्री उघडायची. छत्री एकच. भिंगरी मधे बसायची, मग हळूहळू पुढे पाण्याकडे सरकायची, आणि मधे नुसती रिकामी जागा उरायची. ती जागा रोज थोडी थोडी लहान होत होती. ओल्या लोकरीचा वास यायचा... त्याच्या कोटाचा. तो बेडकांबद्दल सांगायचा. बेडूक कातडीने पाणी पितो, जिभेने नाही. ती ऐकायची आणि वाटायचं, पावसाने थांबू नये.

घरी वहिनीने चिमटा काढला. “काय नणंदबाई, हल्ली तळ्यावर जाताना केस विंचरून जाता? बेडकांना आवडतं का?”

“धुक्याने विस्कटतात, वहिनी.”

“विस्कटणार असतील तर विंचरायचे कशाला?”

दादाने वर्तमानपत्रामागून एवढंच विचारलं, “मोजे नीट घालतो ना आता?” म्हणजे भिंगरीने घरी सगळंच सांगितलेलं होतं.

घुंगरू मात्र वाजलं नाही. महिना सरत आला. बेडूक सापडला तर सर्वेक्षण वाढणार होतं, वर्षभर, कदाचित जास्त, आणि बेडूकराव इथेच राहणार होता. नाही सापडला तर शून्य. मग तळ्यावर मातीचे ट्रक, आणि तो त्याच्या गावी. हे तिघांनाही माहीत होतं.

शेवटच्या संध्याकाळी धुकं इतकं दाट होतं की आपलाच हात परका वाटावा. भिंगरी पाण्याशी उकिडवी बसली होती. छत्रीवर पाऊस भुरभुरत होता. आणि तेवढ्यात...

छुन्.

एकदाच. फार लांबून. की आतूनच?

तिने मान वळवली. तो तिच्याकडेच पाहत होता.

“आलं?” त्याने ओठांनीच विचारलं.

थांबा, इथे जरा आपणही थांबू. एक शब्द. ‘हो’ म्हणायचं की सगळं राहणार होतं. तळं राहणार होतं, खिडकीमागचा तो श्वास राहणार होता, आणि हा एका गालाने हसणारा माणूस. कोण विचारायला येणार होतं? तुम्ही काय म्हणाला असता?

“आलं,” ती म्हणाली. आणि मग लगेच, “पण... लिहू नका.”

“का?”

“त्या नोंदीवर पट्टी लावावी लागेल.”

“कुठली पट्टी?”

ती पाण्याकडे बघून बोलू लागली. तिच्या शोधटेबलावरच्या सावकाश आवाजात. “सूचना... ही नोंद करणारी व्यक्ती निःपक्षपाती नाही. बेडूक सापडला तर सर्वेक्षण चालू राहील. सर्वेक्षण चालू राहिलं तर... एक माणूस ह्या गावात राहील. तो राहावा असं हिला फार वाटतं. इतकं वाटतं, की पानावरून थेंब पडला तरी हिला घुंगरू ऐकू येईल. तेव्हा हिच्या कानांवर विसंबू नये.”

पाऊस भुरभुरत राहिला. तिला वाटलं, आपण ग्रंथालयात पळून जावं आणि पुस्तकांच्या मागे लपावं.

“मलाही ऐकू आलं,” शेवटी तो म्हणाला.

“खरंच?”

“हो. पण कालही आलं होतं. परवा तू छत्री उघडलीस तेव्हाही आलं होतं. तू फाटकाशी दिसलीस की मला घुंगरूच ऐकू येतं.” तो स्वतःशीच हसला. “माझ्या कानांचा तर काडीचा भरवसा नाही.”

‘तुम्ही’ कुठे गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. छत्री तिरपी झाली होती आणि दोघंही भिजत होती.

“मला काहीच नाही ऐकू आलं,” पाण्याकडून भिंगरी वैतागून म्हणाली. “तुम्ही दोघंच बोलत होतात!”

अहवाल त्याने लिहिला. त्यात ‘बेडूक आहे’ असं लिहिलं नाही, ‘नाही’ असंही लिहिलं नाही. डेटाबेसमधलं शून्य म्हणजे काय आणि काय नाही, ते लिहिलं. ठिपके रस्त्याने का धावतात ते लिहिलं. स्वतःचं यंत्रही कोरड्यातच लावलं होतं, ही चूक लिहिली. आणि खाली, पिवळ्या रंगात: ‘एकदा आवाज आल्यासारखा वाटला. परंतु दोन्ही निरीक्षक पक्षपाती आहेत.’

दुसऱ्या दिवशी त्याच्या मोठ्या सरांचा फोन आला. आवाज इतका दणदणीत, की शोधटेबलापर्यंत सगळं ऐकू येत होतं.

“अरे, शून्य लिहायला पाठवलं होतं तुला! निबंध लिहून पाठवलास!”

“सर, नुसतं शून्य खोटं झालं असतं.”

“आणि हे काय? निरीक्षक पक्षपाती? कशाबद्दल पक्षपाती?”

“ते... जरा वैयक्तिक आहे, सर.”

पलीकडून एक खाकरा. “अस्सं. कोण मुलगी?”

मोठ्या बाईंनी तोंडाला रुमाल लावला. ती स्क्रीनमागे इतकी वाकली, की दिसेनाशी झाली.

“हे बघ,” मोठे सर म्हणाले, आणि आवाज बराच मऊ झाला होता. “एक आठवडा देतो. त्यानंतर शून्य. आणि साक्षीदार आण, तुमच्या बाजूचा नको. ज्याला तो बेडूक सापडायला नकोय, असा माणूस आण. त्याने ऐकला, तर मीही ऐकला.”

फोन बंद झाला. तिघी आणि तो, एकमेकांची तोंडं बघत राहिले.

“असा माणूस आणायचा कुठून?” मोठ्या बाई म्हणाल्या. “इथे येणाऱ्या प्रत्येकाला तळं हवंय. मलाच हवंय.”

“आणि ज्यांना नकोय ते पावसात चिखलात येऊन कशाला बसतील?” बेडूकराव म्हणाला.

भिंगरी टेबलाखाली गेली आणि वेणीचं टोक चावत बसली.

आणि बघा, नेमकं त्या आठवड्यात ऊन पडलं. लख्ख, कोरडं, सुट्टीच्या दिवसासारखं ऊन. तळ्याकाठी माणसं फिरायला आली, फोटो काढून गेली. बेडकाने तोंड उघडलं नाही. ती रोज खिडकीची काच पुसायची आणि आकाशाकडे बघायची. बेडूकरावाने सामान बांधायला घेतलं. बूट तेवढे फाटकाशी ठेवले होते.

“सापडला नाही तरी मी येईन,” तो एकदा म्हणाला. “सुट्टीला.”

“सुट्टीला तर सगळेच येतात,” ती म्हणाली. हसायचं होतं तिला. जमलं नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी काचेवर एक थेंब आला. मग दुसरा. मग तळ्यावरून धुकं उठलं, ग्रंथालयाच्या पायऱ्या चढलं आणि खिडकीत येऊन उभं राहिलं.

संध्याकाळी भिंगरीने सूत्रं हाती घेतली. आत्या आणि बेडूकराव ह्यांना तिने लांब, पायवाटेवरच्या बाकावर बसवलं.

“बोलायचं नाही. छत्री उघडायची नाही, टपटप होतं. आणि एकमेकांकडे बघायचं पण नाही.”

“बघितलं तर काय होतं गं?” बेडूकरावाने विचारलं.

“मग तुम्हाला घुंगरू ऐकू येतं. मला माहितीये.”

दोघं मुकाट्याने समोर बघत बसली. भिजत. बाकावर दोन हातांमध्ये चार बोटांची जागा होती. कोणाचा हात आधी सरकला ते धुक्यात दिसलं नाही. पण थोड्या वेळाने ती जागा नव्हती.

भिंगरीने बूट काढले. मोज्यांनी, एक एक पाऊल टाकत, ती लव्हाळ्यांपर्यंत गेली आणि दोन्ही तळहात तोंडावर ठेवून बसली. भिंगरी, बरं का, जी एका जागी बसेल तर शपथ. पाणी गप्प होतं. लव्हाळी गप्प होती. तीही गप्प होती.

छुन्.

ती हलली नाही. एकदा म्हणजे काहीच नाही, हे तिला आता कळत होतं.

छुन्... छुन्.

बाकावरून आत्या अर्धवट उठली. भिंगरीने न वळताच हात वर केला. बस. आत्या बसली.

तुम्हाला वाटेल, ती आता ओरडली असेल, सापडला म्हणून नाचली असेल. तिने तसं केलं नाही. तिलाही तळं हवं होतं. तिलाही बेडूकराव हवा होता. आपल्यावरही पट्टी आहे, हे तिला ठाऊक होतं. ती मोज्यांनीच मागे मागे सरकत पायवाटेवर आली, बाकावरच्या दोघांच्या समोरून न थांबता गेली, आणि फाटकाकडे धावत सुटली.

केबिनमध्ये दरवान डास मारत होता.

“काका,” ती धापा टाकत म्हणाली, “तुम्हाला हे तळं नकोय ना?”

“अजिबात नको! कधी बुजतंय ह्याचीच वाट बघतोय.”

“नक्की?”

“नक्की म्हणजे! माझी जाळीची केबिन अडलीये त्याच्यापायी.”

“आणि तुम्ही खोटं बोलत नाही ना? मेव्हण्यासाठीसुद्धा?”

“मेव्हण्यासाठी तर मुळीच नाही. पण झालंय काय?”

तेवढ्यात धुक्यातून, दगडी रस्त्यावरून, अगदी हलकेच... छुन्. डास मारायला उचललेला दरवानाचा हात तसाच हवेत राहिला.

“हे... काय वाजलं गं?”

“ते मी नाही सांगणार. तुम्हीच येऊन ऐका.” भिंगरीने त्याचं बोट घट्ट धरलं. “पण आधी बूट काढा.”